सीटी स्कॅनआधीचा चहा

तुमच्यापैकी कुणी सासऱ्यांना सीटी स्कॅनला नेलंय का? मी एका आठवड्यात दोनदा नेलं. तिथला वॉचमन मला ओळखायला लागला, पण स्कॅन अजून व्हायचाय.

सासरे म्हणजे नाना, सावद्याचे केळीवाले. पोटात गाठ लागते म्हणून डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. सेंटरवाल्या बाईंनी बजावलं, "इंजेक्शन देऊन स्कॅन आहे. आधी सहा तास काही खायचं नाही. चहासुद्धा नाही."

सोमवारी जळगावात उतरल्यावर नाना म्हणाले, "भाचीच्या दारावरून तसंच कसं जायचं?" भाचीनं चहा केला, नानांनी घेतला आणि बाईंनी आम्हाला परत पाठवलं. गुरुवारी मी त्यांना स्टँडवरून थेट सेंटरवर नेलं. फॉर्म भरून वळतो, तर नाना बाहेर टपरीवर. गावचा कुणी भेटला होता, दोघांच्या हातात कप.

"नाना, अहो, काय ठरलं होतं आपलं?"

"जावईबापू, माणूस एवढ्या प्रेमानं पाजतो, नाही कसं म्हणायचं?"

जावयानं सासऱ्यावर चिडून चिडून किती चिडायचं? त्यांना बसमध्ये बसवलं, घरी आलो आणि सगळा राग बायकोवर काढला. "तुझ्या वडिलांना अर्धा दिवस चहावाचून राहवत नाही!"

भाजी निवडता निवडता तिचे हात थांबले.

"नाना चहा प्यायले? अहो, ॲसिडिटीमुळे चहा सोडून त्यांना दहा वर्षं झाली."

शनिवारी पुन्हा जायचंय. फॉर्म मी भरीन. नानांचा हात धरून ती बसणार आहे.