आईच्या मिरचीचं बी

नणंद : ते कुंड्यांतल्या नावाच्या पाट्या उपसणं ठेव बाजूला आणि ये, अशी माझ्याजवळ बस. आईच्या मिरचीची गोष्ट सांगते तुला. पहिल्यापासून.

वहिनी : ऐकलीय वन्सं.

नणंद : ऐकली असशील, पण धाकट्याच्या तोंडून. तो गोष्ट सांगायचा म्हणजे वजनकाटा दुरुस्त केल्यासारखी, मोजून चार वाक्यं. नवऱ्याकडून ऐकलेली गोष्ट आणि नणंदेकडून ऐकलेली गोष्ट ह्यात फरक असतो. कुंड्या न्यायला माळी किती वाजता येणार म्हणालीस?

वहिनी : चारला.

नणंद : मग आहे वेळ. तर ऐक. आई ह्या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, आणि रुमालाच्या गाठीत सात बिया. तिच्या आईनं दिलेल्या. सातातल्या पाच रुजल्या. पाचातली तीन रोपं गोगलगायींनी फस्त केली. एक मी उपटलं, गवत समजून. त्यासाठी खाल्लेला मार अजून पाठीला आठवतो. राहिलं एक झाड. जांभळी मिरची, बुटकी, बुडाशी चपटी. त्या एका झाडावर आमचं अख्खं घर तिखट खायला शिकलं. आणि धाकटा चार वर्षांचा असताना...

वहिनी : त्यांनी डोळ्याला हात लावला.

नणंद : डोळ्याला नाही गं, नाकात घातली. अख्खी. बघ, म्हणून म्हणते माझ्याकडून ऐक. दोन दिवस नाक टोमॅटोएवढं. दुसरं पोर असतं तर जन्मात मिरचीकडे फिरकलं नसतं. हा तिसऱ्या दिवशी जाऊन झाडाशी बसला आणि मला विचारतो, ताई, एवढ्याशात एवढं मावतं कसं?

वहिनी : हं.

नणंद : तिथपासून ही फौज. किती कुंड्या आहेत?

वहिनी : त्रेचाळीस. जातीही तेवढ्याच.

नणंद : ही पाटी कुणाची? 'साहेब' लिहिलंय.

वहिनी : ती मोठी हिरवी. दिसायला दांडगी, तिखट अजिबात नाही. त्यांच्या जुन्या साहेबांवरून.

नणंद : आणि ही 'ताई'? ताई म्हणजे मी?

वहिनी : हो.

नणंद : काय गुण उधळलेत माझे?

वहिनी : तोंडात टाकली की लगेच काही होत नाही. पाच मिनिटांनी लागते. मग जात नाही.

नणंद : मेला कुठला. ... तोंडाची सवय गं. तसं नव्हतं म्हणायचं.

वहिनी : असू दे.

नणंद : साठ वर्षांची सवय. जाता जाईना. बरं, तुझ्या नावाची कुठे आहे?

वहिनी : नाही. विचारलं होतं एकदा. म्हणाले, तुला रोज समोर बघतो, पाटी कशाला.

नणंद : असं म्हणाला तो. आणि तू ते मला बसचं वेळापत्रक वाचून दाखवल्यासारखं सांगतेस.

वहिनी : चहा टाकू का?

नणंद : नको चहा. मी ज्यासाठी आले ते ऐक. बाकीच्या कुंड्या माळ्याला दे, रस्त्यावर ठेव, तुझं घर, तुझं अंगण. आईच्या झाडाच्या तेवढ्या मिरच्या मला तोडून दे. पिकल्यात चांगल्या. बी काढते आणि माझ्या खिडकीत लावते. बाकीचं बी त्यानं ओळखी-अनोळखी सगळ्यांना वाटलं. आईचं नाही वाटलं. ते दुसऱ्या कुणाकडेही नाही.

वहिनी : त्या मिरच्या नेऊन उपयोग नाही वन्सं. ते बी खरं नाही.

नणंद : खरं नाही म्हणजे? झाड आईचंच ना?

वहिनी : झाड आईंचंच. मिरचीही वरून आईंचीच. आतलं बी भेसळीचं. शेजारी साहेब आहे, पलीकडे ताई आहे, मधमाशी सगळ्यांच्या घरी जाते. ह्यातलं बी लावलंत तर काय उगवेल सांगता येत नाही.

नणंद : मग इतकी वर्षं कशी राहिली ती शुद्ध?

वहिनी : ते कळ्यांना पिशव्या बांधायचे. फूल उमलायच्या आधी. पिशवीत फूल आपलं आपण फळतं. फळ धरलं की पिशवी काढायची आणि देठाला लाल लोकर बांधायची. लोकरीच्या मिरचीचंच बी ठेवायचं. पिशव्या मी शिवायचे, ब्लाउजच्या अस्तराचं कापड उरायचं त्यातून. नाडीसकट.

नणंद : पांढऱ्या.

वहिनी : हो.

नणंद : त्या मी सोडल्या.

वहिनी : हो.

नणंद : तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं, मला आत बसवेना. मागे आले तर सगळ्या फुलांची तोंडं पांढऱ्या कापडानं बांधलेली. आदल्या दिवशी त्याच्या तोंडावर घातलं होतं तसलंच दिसलं. म्हटलं, झाडांना तरी श्वास घेऊ दे. एकेक नाडी सोडवली. देवाचं नाव घेत, दोन तास.

वहिनी : लोकर बांधावी असं एकही फळ तोवर धरलं नव्हतं. आठच दिवस झाले होते बांधून.

नणंद : मागच्या वर्षीचं बी असेल की कुठे डबीत.

वहिनी : नाही. सगळं पेरलं होतं, त्यातलं जोमदार हे एक ठेवलं. बी म्हातारं होऊ देत नसत ते.

नणंद : मला काय ठाऊक गं. कुणी सांगायला नको? तू कुठे होतीस?

वहिनी : स्वयंपाकघराच्या खिडकीत. बघत होते.

नणंद : बघत होतीस.

वहिनी : शेवटच्या पिशवीपर्यंत.

नणंद : आणि बोलली नाहीस. 'वन्सं, थांबा.' दोन शब्द.

वहिनी : आले नाहीत.

नणंद : रागावली होतीस माझ्यावर?

वहिनी : राग असता तर बरं झालं असतं, ओरडले तरी असते. मला दिसत होतं. समजतही होतं, की गेलं आता आईंचं बी. पण ते दुसऱ्या कुणाच्या घरात चाललंय असं वाटत होतं. अजून तसंच वाटतं.

नणंद : अडीच महिने झाले वहिनी.

वहिनी : हो. ब्लाउज शिवते, मापं चुकत नाहीत. गिऱ्हाईक हसलं की मीही हसते. परवा ती पिवळी, ह्यातली सगळ्यात जहाल, अख्खी चावून खाल्ली. घाम फुटला, नाक वाहिलं. बाकी काही नाही.

नणंद : वेड लागलंय तुला.

वहिनी : लागलं असेल. म्हणून कुंड्या देऊन टाकते. रोज सकाळी पाणी घालायचं आणि घरात यायचं. काहीतरी वाटायला हवं तिथे. ते वाटत नाही. मग दिवसभर तेच डोक्यात, की वाटलं नाही.

नणंद : एक विचारू? अडीच महिने गिळून बसलेय.

वहिनी : विचारा.

नणंद : डॉक्टर म्हणाले, सहाच्या सुमाराला गेला. मला तुझा फोन आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. तू साडेसहाला त्याचा चहा घेऊन अंगणात जातेस, तीस वर्षं बघतेय. मधला तास कुठे गेला?

वहिनी : साडेसहालाच गेले होते. कप घेऊन.

नणंद : मग?

वहिनी : सतराव्या कुंडीपाशी पडले होते. कुशीवर. कपाळाला हात लावला, गालाला लावला. गार होते. नाकाशी बोट धरलं. पुन्हा धरलं.

नणंद : ओरडलीस?

वहिनी : नाही. झारी आडवी झाली होती. सतरा कुंड्यांची माती ओली होती, पुढची कोरडी. मी झारी उचलली.

नणंद : त्याच्या तोंडात पाणी घालायला.

वहिनी : भरून आणली आणि अठराव्या कुंडीला घातलं.

नणंद : काय?

वहिनी : मग एकोणिसाव्या. ते म्हणायचे, ऊन चढायच्या आत सगळ्यांना मिळालं पाहिजे, अर्धवट सोडलं की फुलं गळतात. तेवढंच डोक्यात होतं. त्रेचाळीसपर्यंत घातलं.

नणंद : त्याला ओलांडून?

वहिनी : नाही. वळसा घालून. दर खेपेला.

नणंद : देवा रे.

वहिनी : मग झारी नळाखाली उपडी घातली. हात पुसले. मग तुम्हाला फोन केला.

नणंद : आणि मी आल्या-गेल्याला सांगत होते, आमची वहिनी मोठ्या धीराची, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ... हे कुणाला सांगितलंस?

वहिनी : नाही. कुणी विचारलं नाही. तुम्ही आज विचारलंत.

नणंद : थांब जरा. मला तुझा राग यायला हवा. बघू दे येतोय का.

वहिनी : येऊ दे.

नणंद : येतोय. माझा भाऊ तासभर मातीत पडलेला आणि तू त्याला वळसा घालून मिरच्यांना पाणी घालतेस. येतोय राग. आणि त्या लबाडाला विचारलं असतं ना, फोन आधी की पाणी आधी, तर पाणीच म्हणाला असता.

वहिनी : म्हणाले असते.

नणंद : तेच झोंबतंय मला जास्त. मी काही ठाऊक नसताना पिशव्या सोडत गेले आणि तू माहिती असून बघत राहिलीस. दोघींनी मिळून आईचं बी घालवलं.

(फाटकाशी टेम्पो थांबतो.)

माळी : काकू, आलो हो. चारचे सव्वाचार झाले, रस्त्यात पाण्याचा टँकर आडवा होता. कुठून उचलू?

वहिनी : त्या टोकापासून घ्या.

नणंद : भाऊ, दोन मिनिटं दम घ्या. वहिनी, मला नीट सांग. झाड धडधाकट आहे ना?

वहिनी : झाडाला काही झालेलं नाही. नव्या कळ्याही आल्यात.

नणंद : मग त्या कळीला आज पिशवी बांधली तर?

वहिनी : तर बी खरं मिळेल. फूल, फळ, मग पिकून सुरकुतेपर्यंत. अडीच-तीन महिने.

नणंद : झालं तर मग. कुंडी माझ्या घरी न्या हो भाऊ, पत्ता देते.

माळी : नेईन की. पण बी धरायचं म्हणता तर हलवू नका मावशी. मिरची नाजूक जात. टेम्पोत हादरली, ऊन बदललं, की कळ्या टपाटपा गळतात. मी नेतोय त्यांच्या गळणारच, मी तर छाटूनच टाकणार आहे. ही जागेवर राहू द्या.

नणंद : म्हणजे इथेच. म्हणजे हिच्यापाशी.

वहिनी : वन्सं, मला काही वाटणार नाही. आधीच सांगून ठेवते.

नणंद : वाटून घ्यायला कुणी सांगितलंय तुला? रोज पाणी घालशील?

वहिनी : पाणी घालता येतं मला.

नणंद : ते कळलं मला.

माळी : मग बेचाळीस धरू?

वहिनी : बेचाळीस. आणि ह्या पाट्या, ज्या काढल्यात त्या, त्यांच्या त्यांच्या कुंडीत परत खोचून न्या. पेन्सिलीनं लिहिलंय, उन्हात उडत नाही. पेनचं उडतं.

माळी : हे 'साहेब' कोण?

नणंद : तिखट नसलेले. घाला गाडीत. वहिनी, तू पिशवी आण एखादी.

वहिनी : एकही नाही. त्या दिवशीच्या कुणीतरी पुसायला घेतल्या. शिवते, दोन मिनिटं लागतील. अस्तराचा तुकडा मशीनवरच आहे.

नणंद : शिव. बांधीन मी. सोडल्या मी, बांधणार मी.

वहिनी : ... ही घ्या. वरून घाला, सावकाश, कळ्या आत येऊ देत सगळ्या. नाडी ओढा. घट्ट नको, देठ कापेल. गाठ मारू नका, सुरगाठ घाला.

नणंद : हे बघ. असं?

वहिनी : अजून थोडी खाली. पान अडकलंय, ते बाहेर घ्या. हं. झालं.

माळी : निघतो काकू. अंगण एकदम मोठं दिसायला लागलं बघा.

वहिनी : हो. दिसतंय.

नणंद : मीही निघते. आता रविवारी येईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी. तुला बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, माझं तोंड दोघींना पुरतं. आत जा तू आता, वारं सुटलंय.

वहिनी : वन्सं.

नणंद : काय गं?

वहिनी : तुम्ही रोज देवापुढे बसता ना?

नणंद : बसते की.

वहिनी : तिथे त्यांची आठवण काढत जा. नाव घेऊन. माझ्या वाटणीचीही तुम्हीच काढा, मला जमेपर्यंत.