नर्सबाईंच्या तीन वह्या संग्रहालयातून नेल्याबाबत

नाव व फोन नंबर वरच्या रकान्यात लिहिले आहेत. वय ६९ वर्षे. धंदा: निवृत्त लघुलेखिका, जहाज कंपनीचे कार्यालय. राहणार: संग्रहालयामागची गल्ली, घड्याळजीच्या दुकानावरचा पहिला मजला.

विचारल्यावरून पोलीस ठाण्यात समोर बसून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझी थोरली बहीण, वय ८१, अशा दोघी राहतो. हा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अंमलदारांनी सकाळी लिहायला घेतलेल्या पानावर "रागाच्या भरात वह्या उचलल्या" असे वाक्य होते. मी रागात होते. भरात नव्हते. त्यावरून थोडे बोलणे झाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

थोरलीने येथील प्रसूतिगृहात चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले. लोक तिला नर्सबाई म्हणतात. प्रसूतिगृहाचे रजिस्टर वेगळे होते, ते कधीच रद्दीत गेले. तिच्या वह्या तिच्या स्वतःच्या आहेत. तीन आहेत, जाड, तपकिरी पुठ्ठ्याच्या. तिच्या हातून जन्मलेल्या प्रत्येक मुलाची तारीख, वेळ, वजन आणि त्यापुढे एकच वाक्य. उदाहरणार्थ: "रडायला वेळ लावला, मग थांबेना." किंवा: "जुळ्यांतली धाकटी. हिला कोणी धरलेच नव्हते."

दोन वर्षांपासून थोरली विसरते. जेवली की नाही ते विसरते. गॅस विसरते, म्हणून तो मी बंद ठेवते. वह्यांतले विसरत नाही. रोज सकाळी चहा झाला की ती कॅलेंडर पाहते, वह्या उघडते आणि आज कोणाचा वाढदिवस ते शोधून एकाला तरी फोन करते. ज्यांना फोन येतो त्यांतली बरीच माणसे आता पन्नाशीला आलेली आहेत, तरी ती त्यांना अरेतुरे करते. डॉक्टरांनी मला सांगितले होते की ही सवय मोडू देऊ नका, आणि जे ऐकायचे ते आत्ताच ऐकून घ्या.

गेल्या महिन्याच्या बारा तारखेला दुपारी चारच्या सुमारास संग्रहालयाचे संचालक आमच्या घरी आले. ते बाहेरगावचे आहेत, वह्यांत त्यांची नोंद नाही. त्यांनी सांगितले की पुढील महिन्यात लोकांसाठी चार कार्यक्रम ठेवले आहेत. जुन्या नकाशांवरून पायी फेरफटका, शिशाचे खिळे जुळवून करायच्या जुन्या छपाईचे प्रात्यक्षिक, घरातल्या जुन्या फोटोंची निगा कशी राखावी यावर शिबिर, आणि तिसऱ्या रविवारी "आपली नोंद शोधा". त्यात थोरलीने खुर्चीवर बसून आठवणी सांगायच्या आणि लोकांनी वह्यांत आपापला जन्म शोधायचा. कल्पना चांगली होती. ती माझी नव्हती, तरी चांगली होती.

वह्या रविवारनंतर लगेच सोमवारी परत मिळतील असे संचालक स्वतः म्हणाले. त्यांनी एक अर्ज पुढे केला. तो मी भरला, थोरलीने सही केली. मांडणीला वेळ लागतो म्हणून वह्या याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला घेऊन जातो, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शनिवारी न्या. हो-ना करता करता ते कबूल झाले.

या महिन्याच्या दोन तारखेला कार्यक्रमांचे पत्रक घरोघरी टपालपेटीत पडले. रंगीत, जाड कागद, तीन घड्यांचे. त्यात तिसऱ्या रविवारच्या पुढे छापले होते: "आपली नोंद शोधा. नर्सबाईंच्या स्मरणार्थ."

ते पत्रक मी पाहण्याआधी घड्याळजींनी पाहिले. ते सकाळी सव्वानऊला वर आले. मी भाजी आणायला गेले होते, दार थोरलीने उघडले. पुढचे मला घड्याळजींनी स्वतः सांगितले. हातात पांढरी फुले, डोक्यावरची टोपी काखेत, असे ते दारात उभे राहिले. थोरलीने त्यांचा चेहरा पाहून विचारले, "कोण गेलं हो?" त्यांनी फुले पाठीमागे लपवली. तेव्हा तिने त्यांना हाताला धरून आत आणले, पाणी दिले, आणि मी येईपर्यंत वीस मिनिटे त्यांचे सांत्वन केले. मी आले तेव्हा ते डोळे पुसत होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नसते.

फुलांच्या पुडक्यात पत्रक होते. ते थोरलीने वाचले. तिला चष्मा लावून वाचायला वेळ लागतो, तेवढ्यात काढून घ्यायला हवे होते, मी घेतले नाही. वाचून तिने मला विचारले, "मी कधी गेले गं? मला कसं कोणी सांगितलं नाही?"

हे तिने थट्टेने विचारले की खरे विचारले, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

त्याच दिवशी साडेदहाला मी संग्रहालयात गेले. तिकीट खिडकीवरच्या बाईने सांगितले की पत्रकातल्या दुरुस्तीसाठी लेखी अर्ज करावा, तो समितीपुढे जातो, समितीची बैठक महिनाअखेर असते. मी विचारले, तोपर्यंत माझ्या बहिणीने काय करायचे, पडून राहायचे? बाई म्हणाली, "मावशी, मी फक्त तिकिटं फाडते." संचालकांना भेटले. ते म्हणाले की दोन हजार पत्रके छापून झाली, आता कार्यक्रमात तोंडी खुलासा करू. मी त्यांना बरेच बोलले. जिवंत माणसापुढे स्मरणार्थ लिहू नये एवढे ज्यांना कळत नाही त्यांनी इतिहासाचे दुकान उघडू नये, असेही बोलले. छापखान्यात फोन करून छापखानेवाल्यालाही बोलले. तो म्हणाला, आम्हाला जे लिहून आले ते आम्ही जुळवले. त्याचे म्हणणे मी ऐकून घेतले नाही.

पुढचे दोन आठवडे आमचा फोन वाजत राहिला. मी उचलला की लोक हळू आवाजात बोलत, थोरलीने उचलला की ठेवून देत.

कार्यक्रम एकवीस तारखेला रविवारी सकाळी दहाला सुरू झाला. दालनात दीडेकशे माणसे होती. स्टेजच्या बाजूला मेजावर थोरलीचा फोटो चौकटीत, पुढे फुलदाणी. फोटो मीच दिला होता, पत्रकासाठी म्हणून. थोरलीला पहिल्या रांगेत बसवले होते, फोटोपासून साधारण सहा फुटांवर.

समितीच्या अध्यक्षांना खुलासा कोणी सांगितला नव्हता. त्यांनी भाषण केले, चांगले केले, आणि शेवटी सर्वांना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली. सगळे उभे राहिले. मी संचालकांकडे पाहिले, ते जमिनीकडे पाहत होते. थोरलीही उभी राहिली. तिला गुडघ्यामुळे उठवत नाही, शेजारच्या बाईने हात दिला. दोन मिनिटे तिने मान खाली घातली होती. मी बसून राहिले. त्याबद्दल मागच्या रांगेतून कोणीतरी "काय बाई आहे" असे म्हणाले.

नंतर संचालकांनी माइक घेऊन सांगितले की नर्सबाई आपल्यात आहेत. ते त्यांनी अशा रीतीने सांगितले की लोकांनी पुन्हा माना खाली घातल्या. थोरलीला आठवणी सांगायला वेळ उरला नाही. कारण पुढे चहापान होते आणि चहा निवत होता.

वह्या काचपेटीत होत्या, तिन्ही, एकेका पानावर उघडलेल्या. लोकांनी काचेवरून जेवढे दिसले तेवढे वाचले. आपली नोंद कोणालाही शोधता आली नाही, कारण पाने उलटायला पेटी उघडणे नियमात बसत नव्हते. पेटीवर चिठ्ठी होती: "नर्सबाईंच्या स्मरणार्थ कुटुंबीयांकडून भेट."

सोमवारी सकाळी दहाला मी वह्या आणायला गेले. संचालक म्हणाले की वह्या आता संग्रहाच्या नोंदवहीत चढल्या, भेट म्हणून आलेली वस्तू परत करता येत नाही. मी म्हटले, भेट कोणी दिली? त्यांनी फाईल काढून अर्ज माझ्यापुढे ठेवला. "वस्तू देण्याचा हेतू" या रकान्यात लिहिले होते, "नर्सबाईंच्या स्मरणार्थ." ते म्हणाले, "बाई, तात्पुरती वस्तू असली की तिथं प्रदर्शनार्थ लिहितात. स्मरणार्थ म्हटलं की ती कायमची. पत्रकातसुद्धा आम्ही हेच उतरवून घेतलं. हे अक्षर आमचं नाही."

अक्षर माझे आहे.

त्याबाबत खुलासा असा की, आम्हा दोघींपैकी थोरली नगरपालिकेच्या शाळेत शिकली. मला तिच्या हट्टाने कॉन्व्हेंटमध्ये घातले. तिथे मराठी आठवड्यातून तीन तास. पुढे चाळीस वर्षे मी इंग्रजी पत्रे लिहिली आणि लोकांच्या इंग्रजीतल्या चुका काढल्या. अर्ज भरताना मला "आठवणी सांगण्यासाठी" असे लिहायचे होते. ते रकान्यात मावेना आणि सरकारी वाटेना. स्मरण म्हणजे आठवण, अर्थ म्हणजे साठी, असा हिशेब करून मी तो शब्द लिहिला. व्याकरणाने तो बरोबर आहे. पत्रकात छापलेला पाहिला तेव्हा तो कानाला खटकला, पण तो माझ्या हातचा आहे हे मला आठवले नाही. आमच्या घरात विसरण्याचे काम थोरलीकडे आहे असा माझा समज होता.

आमच्या शाळेत चूक वर्गासमोर उभे राहून सांगावी लागे. येथे उभे राहून लिहिता येत नाही, म्हणून बसून लिहिते. चूक माझी आहे. छापखानेवाल्याला मी फोन करून तसे सांगितले आहे. संचालकांनाही सांगितले. मी म्हटले, मी शब्द खोडते, दुसरा लिहिते, सही करते. ते म्हणाले की नोंद झालेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही, आणि वह्यांच्या छायाप्रती काढून देऊ, महिनाभरात. छायाप्रतीत नर्सबाईंचे सगळे तेच राहील ना, असे त्यांनी वर मलाच विचारले.

मंगळवारी सकाळी थोरलीने चहानंतर वह्या शोधल्या. कपाट, गादीखाली, स्वयंपाकघरातला डबा. बुधवारी पुन्हा शोधल्या, आणि मी चोरल्या असे म्हणाली. गुरुवारी तिने फक्त कॅलेंडर पाहिले. "आज कोणाचा?" असे विचारले आणि बराच वेळ कॅलेंडरसमोर उभी राहिली. शुक्रवारी शोधल्याच नाहीत. चहा झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

म्हणून शुक्रवार, सव्वीस तारखेला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी तिकीट काढून संग्रहालयात गेले. काचपेटीला कुलूप नव्हते, कडी होती. ती उघडून मी तिन्ही वह्या घेतल्या आणि कडी परत लावली. पेटीवरची चिठ्ठी तशीच ठेवली, कारण ती माझी नाही. दाराशी पहारेकऱ्याला सांगितले की वह्या नेते आहे, वेळ लिहून घे. पहारेकऱ्याने मला अडवले नाही अशी संचालकांची तक्रार आहे. त्याने दार उघडून धरले. माझे दोन्ही हात वह्यांत गुंतले होते आणि दार धरणे हे त्याचे काम आहे. तो पहिल्या वहीत आहे. पण ते त्याला तेव्हा माहीत नव्हते, मी नंतर पाहिले.

शनिवारी सकाळी थोरलीने चहा घेतला, वही उघडली, बोट फिरवत खाली आली आणि नऊ वाजता एका नळ दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. तो कामावर होता. तिने त्याला सांगितले, "पायाळू होतास तू. अजून उलटीच कामं करतोस का रे?" पलीकडून तो हसल्याचे मलाही ऐकू आले. नंतर तिने मला विचारले की आज भाजी काय, आणि गॅस का बंद आहे.

आज सोमवारी सकाळी हवालदार घरी आले. मी कोणतीही हरकत न घेता वह्या घेऊन त्यांच्याबरोबर आले. थोरलीला एकटे ठेवता येत नाही, म्हणून तीही सोबत आहे. तिन्ही वह्या अंमलदारांनी कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून, लाखेचा ठप्पा मारून मेजावर ठेवल्या आहेत. निकाल लागेपर्यंत त्या सोडता येणार नाहीत असे ते म्हणतात. किती दिवस, या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर दिले, त्याबद्दल त्यांचे आभार. ते उत्तर मी येथे लिहीत नाही.

माझी संग्रहालयाविरुद्ध तक्रार नाही. नकाशांचा फेरफटका छान झाला असे ऐकते. माझे एवढेच म्हणणे आहे की वह्यांची मालकीण हयात आहे, येथे हजर आहे, बाहेरच्या बाकावर बसलेली आहे, आणि तिने काहीही कोणाला भेट दिलेले नाही. शिक्षा व्हायची असल्यास अर्ज भरणाऱ्या व्यक्तीला व्हावी.

जबाब मीच लिहिला असल्याने मला वाचून दाखवण्याची गरज नव्हती. परंतु थोरलीला ऐकायचा होता, म्हणून अंमलदारांनी तिला आत बोलावून इथवर मोठ्याने वाचला. तिने शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकला. मग अंमलदारांना विचारले, "त्या नर्सबाईंना वह्या मिळाल्या का हो शेवटी?" अंमलदारांऐवजी मीच "मिळाल्या" असे सांगितले. तेवढे एक उत्तर अद्याप खरे नाही. बाकी जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.