मंजुरी येईपर्यंत

प्रेमा : नाय सर, फोन केला असता तरी मी काय सांगणार होते? बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. इकडे बसा.

सम्यक : कुणीतरी कळवायला हवं होतं, प्रेमाताई. नानांना झटका येऊन दीड महिना झाला आणि मला आज कळतंय, तेही वर्सोव्याच्या जेट्टीवर. तिकीटवाला म्हणाला, नानाकडे चाललात का, आता तो काय बोलणार तुमच्याशी. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत.

प्रेमा : रागवायला तोंड लागतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ गेली. पाय थोडा परत येईल असं डॉक्टर बोलला. वाचेचं काय धरून चालू नका बोलला. समजतं सगळं. मी जास्त मीठ घातलं तर अजून ताट सरकवतात.

सम्यक : आत झोपलेत?

प्रेमा : खिडकीपाशी बसवलंय. तिथून खाडीचं तोंड दिसतं. आधी पाणी प्या, मग भेटा. हातात काय आहे एवढं जपून धरलेलं?

सम्यक : काही नाही. राहू दे.

प्रेमा : दाखवा की. प्लास्टिकच्या फोल्डरमधनं आणलंय म्हणजे काहीतरी असेल.

सम्यक : संशोधनाच्या अनुदानाचं मंजुरीपत्र आहे. सोमवारी आलं. नानांना स्वतः वाचून दाखवावं म्हणून कॉलेजला सुट्टी टाकून आलो.

प्रेमा : मिळालं शेवटी.

सम्यक : मिळालं. तीन वर्षांनी.

प्रेमा : यात नानाचं नाव कुठे आहे? मला इंग्रजी येत नाय, पण बापाचं नाव ओळखता येतं.

सम्यक : नाव लिहीत नाहीत ताई. 'माहितीदाता क्रमांक एक' असं लिहितात. माणसाची ओळख उघड करायची नसते.

प्रेमा : मग दोन नंबर कोण?

सम्यक : कुणीच नाही. एकच आहे.

प्रेमा : अख्ख्या मढला माहीत आहे की नानाला समुद्राखालच्या जागांची नावं येतात. तुम्ही लपवलंत कोणापासून?

सम्यक : नियम आहे तसा.

प्रेमा : तुमचे नियम मी तीन वर्षं ऐकतेय. पहिल्या वर्षी काय होतं ते? तीस माणसं पाहिजेत म्हणून.

सम्यक : हो. एकाच माणसावर संशोधन कसं करणार, असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठवला होता. मग मी तीस माणसं शोधत फिरलो. इथे, भाटीत, मनोरीत, गोराईत. जो भेटेल तो एकच सांगायचा, ते सगळं नानाला विचारा. आमच्याकडे जीपीएस आहे, आम्हाला डोंगर बघून जाळं लावायची गरज नाही. दुसऱ्या वर्षी मी प्रस्तावात हेच लिहिलं. की हा शेवटचा माणूस आहे.

प्रेमा : मग?

सम्यक : मग आमच्या कॉलेजच्या समितीने परवानगी द्यायला हवी होती. माणसांशी बोलून अभ्यास करायचा तर एक समिती बसते, त्यांना त्रास होणार नाही ना हे बघायला. त्या समितीत बाहेरचा एक वकील लागतो. वकिलाला तारीख मिळेना. तेवढ्यात प्रस्ताव भरायची मुदत गेली.

प्रेमा : नानाला त्रास होऊ नये म्हणून.

सम्यक : हो.

प्रेमा : बरं झालं, त्रास नाय झाला. शूटिंगवाले आले होते मागच्या मे महिन्यात, त्या पुढच्या बंगल्यावर. नानाला बघितलं, बोलले, काका, इथे बसा, तोंड बंद ठेवून जाळं विणा. तासाभरात सगळं उरकलं, जेवण पण दिलं. मी नानाला बोलले, बघा, याला बोलतात काम. तर मला बोलतात कसे, "तो मास्तर मना बोलवाला येल, गप बसवाला नाय."

सम्यक : असं म्हणाले?

प्रेमा : तुमच्यावर फार जीव होता. आहे. दर रविवारी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि जेट्टीकडे तोंड करून बसायचे. तुम्ही दोन-तीन महिन्यांतनं एकदा यायचात, पण यांची दाढी दर रविवारी. आलात की पहिला प्रश्न काय असायचा, आठवतो?

सम्यक : आठवतो. "आयली का मंजुरी?"

प्रेमा : आणि तुम्ही बोट ओठावर ठेवायचात.

सम्यक : ती गंमत होती ताई आमची. पहिल्या दिवशी सुरू झाली. मी नुसता ओळख करून घ्यायला आलो होतो. नाना बोलता बोलता म्हणाले, मढचा किल्ला आणि तिकडचा डोंगर एका रेषेत आले की खाली 'बायचं पाणी' लागतं. मी विचारलं, असं नाव का? ते सांगायला लागले आणि मी त्यांना थांबवलं. म्हटलं, नाना, आत्ता नको. मंजुरी आली की सगळं पहिल्यापासून सांगा. आणि असं बोट ठेवलं ओठावर. ते खूप हसले. मग प्रत्येक वेळी मी दारातून आत आलो की दोघंही बोट ठेवायचो.

प्रेमा : मला एवढंच कळत नाय सर. रेकॉर्डिंगचं मशीन नव्हतं, मंजुरी नव्हती, मान्य. पण कान तर होते ना तुमचे? ऐकून ठेवायला काय झालं होतं?

सम्यक : मंजुरीच्या आधी घेतलेली माहिती चालत नाही. आधी समितीची परवानगी, मग संमतीपत्रावर अंगठा, मग पहिला प्रश्न. उलटं झालं तर सगळा प्रकल्प रद्द होऊ शकतो.

प्रेमा : सगळे असंच करतात?

सम्यक : नाही.

प्रेमा : मग?

सम्यक : आमच्या विभागात राजेश सर आहेत. ते मला तेव्हाच म्हणाले, वेडा आहेस का, म्हातारा माणूस आहे, आज जाऊन रेकॉर्ड कर आणि तारीख नंतरची टाक. सगळे टाकतात. त्यांनी स्वतः टाकली आहे, कुणी विचारलं नाही.

प्रेमा : ते शहाणे निघाले.

सम्यक : त्यांना कुणी विचारणार नाही. माझ्या आडनावाच्या माणसाच्या फायलीत चूक सापडली ना ताई, की ती चूक राहत नाही. यांना असंच मिळतं सगळं, याचा ती पुरावा होते. माझे वडील महापालिकेत शिपाई म्हणून लागले आणि क्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांनी मला एकच शिकवलं, की आपण कागदाच्या जोरावर वर आलोय, तेव्हा आपला कागद सगळ्यांपेक्षा स्वच्छ पाहिजे. मी तो स्वच्छ ठेवला. यात एक खाडाखोड सापडणार नाही तुम्हाला.

प्रेमा : चोरी केली नव्हती, तरी चोरासारखे भ्यालात.

सम्यक : हो. आणि त्याची किंमत नानांनी मोजली.

प्रेमा : उगाच सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. मला पण बोलायचं आहे.

सम्यक : बोला.

प्रेमा : तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, त्या संध्याकाळी मी नानाला विचारलं होतं. बायचं पाणी म्हणजे काय? बाय म्हणजे आमच्यात आई पण असते आणि लेक पण असते. मला वाटलं, माझ्या आजीचं काहीतरी असेल. ती मी बघितलीच नाय. नाना बोलले, मास्तरनी नको सांगितलंय. मशीन येल, तवा एकदाच सांगेन, तू पण बस बाजूला.

सम्यक : तुम्हालाही सांगितलं नाही?

प्रेमा : मला काय, नातवाला पण नाय. केयूर मागे लागायचा, तर त्याला ओठावर बोट ठेवून दाखवायचे. शब्द दिला होता ना तुम्हाला. कोळी माणूस हट्टी, त्यात आमचा नाना. पण खरं सांगू का? नाय बोलले तेव्हा मला बरं वाटलं. पाटीत पापलेट होती, अंधेरीच्या बाजारात पोचायचं होतं. नाना एकदा सुरू झाले की तास जातो. मी बोलले, बरं, नंतर.

सम्यक : तुमची गोष्ट वेगळी आहे ताई.

प्रेमा : काय वेगळी? तुम्ही तीन वर्षं ओळखत होता. मी बावन्न वर्षं या घरात राहते. मला कुठली समिती आडवी आली होती?

(सम्यक मंजुरीपत्र परत फोल्डरमध्ये घालतो.)

प्रेमा : चहा ठेवू?

सम्यक : नको. ताई, मी हे पैसे परत पाठवणार आहे. रीतसर पत्र लिहीन. 'माहितीदाता उपलब्ध नाही' असं कारण द्यावं लागेल.

प्रेमा : उपलब्ध नाय म्हणजे काय? आत बसलाय ना तो.

सम्यक : तसं नाही म्हणायचं मला.

प्रेमा : कळलं मला. पत्र लिहायच्या आधी एक वस्तू बघा. त्या खुंटीवरची दोरी काढा. हां, तीच.

सम्यक : जाळ्याची आहे?

प्रेमा : जाळ्याचीच होती. नानाला लिहिता येत नाय. त्यांना भीती वाटायची, की मशीन आलं आणि ऐन वेळी एखादी जागा राहिली तर? म्हणून एकेका जागेची एक गाठ मारून ठेवली. गेल्या पावसाळ्यात बोटी बंद होत्या, तेव्हा बसून केलंय. खडक असेल तर घट्ट गाठ, चिखल असेल तर सैल. एवढं मी विचारून घेतलं, कारण दोरी फुकट घालवली म्हणून मी ओरडत होते.

सम्यक : या दोनदोन गाठी जवळजवळ आहेत, त्या कसल्या?

प्रेमा : नाय माहीत.

सम्यक : आणि हा मध्ये लाल दोरा गुंडाळलाय?

प्रेमा : तो माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचा आहे. कुठल्या जागेसाठी बांधला, ते विचारायचं राहिलं.

सम्यक : एकसष्ट, बासष्ट... त्रेसष्ट गाठी आहेत. प्रस्तावात मी 'अंदाजे चाळीस' लिहिलं होतं.

प्रेमा : बघा. तुमच्या कागदापेक्षा जास्तच होत्या.

सम्यक : ताई, समजतं ना त्यांना सगळं? मग एक करता येईल. मी एकेका गाठीवर बोट ठेवतो, मढच्या किनाऱ्याचा नकाशा समोर धरतो, ते डाव्या हाताने खूण करतील. हो किंवा नाही, एवढं जरी कळलं...

प्रेमा : जागा कळेल एखादी. नाव कसं कळेल? आणि ते नाव का पडलं, ते कुठल्या खुणेने सांगतील?

सम्यक : नाही कळणार.

प्रेमा : करून बघू नका असं मी बोलत नाय. मी पण बसेन बाजूला, या वेळी बाजार राहू दे. पण उगीच मोठी आशा धरू नका आणि त्यांना पण लावू नका. चला. आधी तुम्ही दिसा त्यांना. दीड महिना दर रविवारी दाढी मी करतेय त्यांची, दुसऱ्या दिवशी केलेली त्यांना चालत नाय.

(प्रेमा आतल्या खोलीचा पडदा बाजूला करते.)

प्रेमा : नाना, बघा कोण आलंय. मास्तर आलेत तुमचे.

सम्यक : नाना, मी सम्यक. खूप उशीर केला मी. हे बघा, ही दोरी. आणि हे पत्र. मंजुरी आली, नाना.

प्रेमा : ऐकलं त्यांनी. डोळे बघा कसे झालेत.

सम्यक : आता सांगायला काहीच हरकत नाही. कुणाचीच नाही.

प्रेमा : थांबा, डावा हात उचलतायत. मदत करू नका, त्यांना आवडत नाय. वेळ लागतो.

सम्यक : काय म्हणतायत? मला नीट दिसत नाही.

प्रेमा : बोट ओठावर ठेवलंय सर.