झुडपी जमीन

(वनखात्याची खोली. टेबलावर झाडांच्या मोजणीचं रजिस्टर आणि एक फॉर्म.)

धाकटा : एकच शब्द बदल, ताई. ‘जंगल’ऐवजी ‘झुडपी जमीन’. बाकी सगळं मी भरलंय.

ताई : त्या झुडपांना मी स्वतः टेप लावलाय. चार हजार एकशे सत्तर झाडं. काहींना तर माझे हात पुरेनात, शिपायानं पलीकडून टोक धरलं. कुणाला शेंडी लावतोस?

धाकटा : जंगल लिहिलंस की माझ्या रस्त्याची फाईल मंजुरीसाठी दोन वर्षं अडकली म्हणून समज.

ताई : अडकू दे.

धाकटा : वा! आणि पलीकडच्या वस्त्यांनी काय करायचं? दवाखान्यात जायला दीड तासाचा वळसा. माझा रस्ता झाला की वीस मिनिटं.

ताई : विजेच्या तारांखालचा पट्टा आधीच मोकळा आहे. तिथून काढ. कडेची तीनशे झाडं जातील, बास. त्याला आत्ता सही देते.

धाकटा : तिथून सहा मिनिटं जास्त लागतात.

ताई : लागू देत.

धाकटा : तू बोलतेस हे? आई तुझ्या मांडीवर गेली, ताई! त्याच वळशावर! मी रस्ते बांधणारा इंजिनियर, आणि माझ्याच आईला रस्ता नाही मिळाला.

ताई : हळू बोल. शेजारी साहेब बसलेत.

धाकटा : ऐकू देत! तुझं काय जातंय?

ताई : तोडायचंच असेल तर ‘जंगल तोडतोय’ म्हणून छातीठोक तोडा. वरून विचारतील, त्यांना उत्तर द्या. माझ्या सहीनं खोटं नाही. बदली करा, घरी बसवा, काय वाट्टेल ते करा.

धाकटा : आईसाठीसुद्धा नाही?

ताई : आईला मध्ये आणू नकोस.

धाकटा : आणणार! शंभरदा आणणार!

ताई : मग ऐक. आई वळशावर नाही गेली. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा चांगली बोलत होती. ‘धाकट्याला कळवू नकोस, घाबरेल’ म्हणाली. डॉक्टरच नव्हता. महिनाभर जागा रिकामी. पाऊण तास बाकावर बसलो आम्ही. तिथे गेली.

धाकटा : पण वाटेत गेली, असं...

ताई : सगळ्यांनी तसं धरलं. मी धरू दिलं.

धाकटा : आणि म्हणे, खोट्यावर सही करत नाही!

ताई : एक खोटं बोलले, त्याच्यावर तू चार हजार झाडं तोडायला निघालास. आता दुसरं नाही.

धाकटा : सात वर्षं, ताई. मला का नाही सांगितलंस?

ताई : आठवडाभर अन्नाला शिवला नव्हतास. मग एका सकाळी या रस्त्याचा नकाशा काढायला बसलास, आणि दुपारी म्हणालास, ताई, भूक लागली.