धर्माचा रकाना

—नाही गं, पत्ता नोंदवताना तो धर्माचा रकाना रिकामा सोडायचा असतो. पण आता सांगून काय उपयोग, तू तर भरून बसलीस. सगळ्याच भरतात. फोनवर आपल्या क्रोएशियन भाषेत बोलत होतीस ना, म्हणून विचारलं. ओसियेककडची का? मी विंकोव्त्सीजवळची, ल्युबित्सा. नऊ वर्षं झाली मला जर्मनीत. हातात तो कागद आहे म्हणजे तूही चर्च सोडायलाच आलीयस — बाकी लोक या कचेरीत लग्न नोंदवायला येतात, ती बघ, फुलं घेऊन बसलीय, आणि तिच्याच बाकावर आपण दोघी. नंबर किती तुझा? अठ्ठेचाळीस? मग आहे वेळ — अगं आई! ही घंटा. दर वेळी दचकते मी. एकेचाळीस आहे, बस तू.

माझ्या आईनं निघताना बजावलं होतं, परक्या देशात कुणी विचारलं तर मान खाली घालायची नाही, कॅथलिक म्हणून ठणकावून सांगायचं. मी पत्ता नोंदवायला गेले, फॉर्मवर धर्म विचारलेला, लिहिलं ठणकावून — मोठ्या अक्षरांत! मला वाटलं, उद्या मेले तर कुठं पुरायचं म्हणून विचारत असतील. आपल्याकडं पाद्री टोपली फिरवतो, आपण नाणं टाकतो, संपलं. हे लोक पगारातूनच कापून घेतात हे कुणाच्या डोक्यात येईल? सहा वर्षं कापले. पगाराच्या कागदावर कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं आणि पुढं आकडा. आता, त्या कागदावर काय थोडं असतं? पेन्शन, आजारपणाचा विमा, म्हातारपणी सांभाळायचा वेगळा विमा — मला वाटलं, असेल त्यातलंच काहीतरी. विचारायचं कुणाला? विचारलं की लोक आधी आपल्याकडं बघतात आणि मग उत्तर देतात. शेवटी हॉस्पिटलच्या धोबीखात्यात माझ्यासोबत गुल्तेन म्हणून आहे, तुर्की, जन्म इथलाच, तिनं माझा कागद बघितला आणि चादरींच्या ढिगावर पडून हसली. म्हणाली, “काय गं बये, पोपला पगार तू देतेस होय? मी आमच्या मशिदीत डब्यात टाकते, तेही मनात आलं तर!”

महिन्याला एकतीस युरो. पगारावर नाही हं, करावर आठ टक्के — कराच्या पोटात आणखी एक कर. आणि सुटायचं तर इथं येऊन सही करायची, त्याचीही फी. केली. पाच मिनिटं लागली. आतली बाई म्हणाली, “शुभ दिवस.”

हे नव्हतं ना कुणी सांगितलं, की तुझी बाप्तिस्म्याची नोंद जिथं आहे तिथं इथून पत्र जातं! तुझंही जाईल. आमच्या गावी फादर स्त्येपान, त्यांनी ते पत्र आईला घरी आणून दाखवलं. आई ओरडली का? छे. ईस्टरला मी गेले, तर आई खाण्याची टोपली चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेऊन आली, हॅम, अंडी, मुळा, सगळं मांडलं, आणि माझ्यासमोर वेगळी बशी ठेवली. त्यात चर्चला न नेलेलं अंडं. “तुला हे चालेल,” म्हणाली. खाल्लं मी. काय करणार?

आणि आता रविवारी माझ्या बहिणीच्या, मिरेलाच्या मुलीचा बाप्तिस्मा. दहा वर्षांनी झालेलं पोर! कुमा मी व्हायची होते — लहानपणीच ठरलेलं, तुझ्या लेकराची धर्माची आई मीच. चर्च सोडलेल्या बाईला होता येत नाही. फादर नाही म्हणाले. हे बघ, सोन्याचा क्रूस घेतलाय. कुठल्या पैशातून? वाचवलेल्याच. हस ना, हस. गुल्तेनही हसली.

आज? आज विचारायला आले होते, सही मागं घेता येते का. बाई म्हणाली, इथून फक्त बाहेर पडतात, आत जायचं तर पाद्र्याकडं जा. आता ते काय मला माहीत नव्हतं? — काय म्हणालीस? गेले होते की! मागच्याच वर्षी, मिरेलाला चौथा महिना होता तेव्हा. आपले इथले फादर, भला माणूस, म्हणाले, “ये बाळ, एक अर्ज, बिशपची परवानगी, दोन महिन्यांत होईल.” आणि मी काय विचारलं? विचारलं, “फादर, मग ते एकतीस युरो परत सुरू होतील का?” सवयच लागते गं इथं, काहीही म्हटलं की आधी विचारायचं, कापणार किती. अर्ज राहूनच गेला. वर हे मी मिरेलाला हसत हसत फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “ताई, एकतीस?”

दुसऱ्याच आठवड्यात तिनं नणंदेला विचारलं, कुमा होशील का म्हणून. फादर स्त्येपान नाही म्हणाले असं मी सगळ्यांना सांगते. त्यांना कुणी विचारलंच नाही.

अगं आई — घंटा. अठ्ठेचाळीस. जा, तुझाच. माझ्याकडं कशाला बघतेस, मी कोण तुझी? हे पेन घे, आतलं नीट उमटत नाही. परत नको देऊस. आणि त्या बाईनं शुभ दिवस म्हटलं की थँक्यू म्हण, मी म्हटलं नव्हतं.

माझा नंबर? माझा सकाळीच होऊन गेला. जा ना.