मोठ्या इंजिनची गाडी

नाही नाही, छत हातानं ओढू नका, बटण आहे त्याला — मूळ होतं तस्संच बसवलंय सगळं. बसा ना आत. वेंडेल? माझा नवरा. लिंकनला गेलाय, दातांच्या डॉक्टरकडे. त्याला माहीत आहे का? माहीत नसायला काय झालं! — म्हणजे, कळेल. जाहिरात मी दिली, गाडी आहे माझ्या नावावर, विकतेय मी. गॅरेजात जागाच उरली नाही हो, दुसरं काय!

अडुसष्टची मस्टँग, आणि इंजिन ते मोठं — तेव्हा मुद्दाम मागवावं लागायचं, साध्या गाडीत देत नसत. कॅन्ससमधल्या एका कोठारात मिळालं, कोंबड्या बसल्या होत्या त्यावर! वेंडेल आणि त्याचा धाकटा भाऊ मायलो, दोघांनी मिळून उभी केली ही. वर्षानुवर्षं, जेवण झालं की गॅरेज — एक कधी बोलायचा नाही, दुसरा कधी गप्प बसायचा नाही. मायलो म्हणायचा, "लव्हॉन वहिनी, पहिली चक्कर तुझी, या म्हाताऱ्याला मागे कोंबू." आणि गेला की हो. ईस्टरच्या आठवड्यात. इथंच, या चाकापाशी बसल्या बसल्या. हृदय. रंगसुद्धा वाळला नव्हता.

पळते का? पळते म्हणजे — विचारू नका. रोज सकाळी काढतो वेंडेल, रेल्वेच्या पुलापर्यंत. मी म्हटलं जाऊ दे, वारा लागेल, माणूस बोलता होईल. गेल्या रविवारी चर्चमधनं आल्यावर म्हटलं, मलाही ने. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे मका — त्यानं पाय दाबला. मला वाटलं, मजा करतोय. पुलाचा खांब दिसायला लागला आणि गाडी हळूहळू त्याच्याकडेच झुकायला लागली. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर — शांत. मायलो गेल्यापासून इतका शांत चेहरा बघितला नव्हता मी. ओरडले नाही. कशी कोण जाणे, एवढंच म्हटलं, "वेंडेल, ओव्हनमध्ये मांस आहे, करपेल." त्यानं पाय काढला. घरी आलो, जेवलो, बटाटे त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतले. त्यावर अवाक्षर नाही — ना त्याचं, ना माझं.

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी! तुम्ही इंजिन बघा, इंजिन.

काय म्हणालात? दुसरी गाडी आहे का घरात? आहे ना, पिकअप. तोच घेऊन गेलाय तो — येताना त्याच पुलाखालनं —

थांबा. उतरा जरा. नाही, गाडीत काही खोट नाही हो. तुम्ही ही घेऊन गेलात तरी पूल तिथंच राहणार, आणि हा माणूसही असाच राहणार, गप्प. मी काय विकायला निघाले होते! घरात मायलोचं नावसुद्धा काढलं नाही आम्ही इतक्या महिन्यांत, त्याला त्रास नको म्हणून — का मला नको म्हणून, देव जाणे. चावी द्या इकडं. ओमाहाहून एवढ्या लांब आलात, कळतंय मला, रागवा हवं तर —

ऐकलंत? पिकअपच आहे. आला, बाई, आला.

जा तुम्ही आता. त्याच्याशी काही बोलत बसू नका. तुम्ही कोण, कशाला आला होतात, ते मी सांगते त्याला. पुलाचंही मीच काढते आज. जा.