गुंतागुंतीचं पात्र

भांडुपला पिठाच्या गिरणीवर सातवीच्या जानकी टीचर रांगेत उभ्या होत्या. मागे दोन बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या.

“प्रांजलला शाळेत कादंबरी लावलीय. पात्र बोलतं काय नि वागतं काय, ते शोधायचं.”

“मग?”

“आता घरात मलाच शोधते! सासूबाईंना फोनवर म्हटलं, राहायला या ना. फोन ठेवला नि देवाला हात जोडले, नको येऊ देत रे बाबा. तर म्हणते, आई, तू गुंतागुंतीचं पात्र आहेस!”

“टीचरला झापायचं ना!”

“झापायलाच गेले होते गं. समोर गेले नि ‘छान शिकवता हं’ म्हणून आले.”

ते कौतुक जानकी टीचरनी घरी दोनदा ऐकवलं होतं. त्या वळल्या.

“अय्या, टीचर! आत्ता तुमचंच कौतुक चाललं होतं!”

“हो का? थँक्यू,” टीचर गोड हसून म्हणाल्या.